सहावा नऊ

जावई चांगला निघावा म्हणून लोक काय काय करतात. मास्तरांनी काहीच केलं नव्हतं, आणि तो आपोआप चांगला झाला. शंका यायची ती तिथंच यायला हवी होती. पण फुकट हाती आलेला माल वजन करून कोण घेतो?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. दिसेल त्याला धरून समजावून सांगायची खोड होती, म्हणून ते नाव पडलं. धंदा ऊर्ध्वपातनाचा. त्याचे उंच पोलादी मनोरे, ज्यांना कारखान्यात सगळे कॉलम म्हणतात, ते आखून द्यायचे. कॉलम आतून पोकळ असतो, आणि आत एकावर एक भोकाभोकांचे ट्रे बसवलेले असतात. तळाचा द्रव वाफेच्या नळ्यांनी उकळायचा. त्याचा वाफारा ट्रेच्या भोकांतून वर चढतो, माथ्यावर थंड होतो आणि पुन्हा द्रव होऊन ट्रेवरून ट्रेवर खाली उतरतो. अशा जिन्यात चढणारे आणि उतरणारे एकमेकांना घासून जातात. मग हलकं असेल ते वर निघून जातं, जड असेल ते तळाशी बसतं.

"एकत्र नांदणाऱ्यांची काडीमोड करून देतो मी," मास्तर म्हणायचे. "वकिलाला जे पाच वर्षांत जमत नाही, ते एका दुपारीत. आणि माझ्याकडून दोन्ही पक्ष शुद्ध होऊन बाहेर पडतात."

त्यांचा जावई अशाच एका कारखान्यात प्लँटचा इंचार्ज होता. माणूस कामाचा, पण जीभ म्हणजे किसणी. मास्तरांना तो कधी साध्या नावानं हाक मारायचा नाही. 'सासरेबुवा' म्हणायचा, आणि त्या 'बुवा'वर असा काही जोर द्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हे टाळ घेऊन उभे राहणार. त्याच्या हाताला एक जुनी गोष्ट लागली होती. मास्तरांनी उमेदीत आखलेल्या पहिल्या कॉलमचे ट्रे गळके निघाले होते. खालून येणारा वाफारा कमी पडला की द्रव ट्रेवर ठरत नाही, भोकांतून खाली गळतो, आणि मग वेगळं-बिगळं काही होत नाही, सगळ्याची खिचडी. ही गोष्ट लेकीनं नवी नवरी असताना भोळेपणानं नवऱ्याला सांगितली, आणि नवऱ्यानं ती जन्मभराची ठेव म्हणून जपली.

"आमच्या सासरेबुवांची ताटं गळतात हो," चारचौघांत तो सांगायचा. "म्हणून घरी आम्ही सगळे वाडग्यात जेवतो."

लोक हसायचे. मास्तरही हसायचे, पण त्या हसण्याला दात नसायचे.

लेक एकुलती एक. तिचं चष्म्याचं दुकान होतं. लहानपणी ती बुटकी आणि ठाम होती, बसली की हलायची नाही, म्हणून मास्तर तिला 'ठमी' म्हणायचे. जगात हे नाव वापरायचा हक्क एकट्या त्यांना होता. लग्नानंतर नवऱ्यानं एकदा लाडात येऊन 'ठमे' म्हणून पाहिलं, तर ती म्हणाली, "ते नाव बाबांचं आहे. तू तुझं दुसरं शोध." त्यानं शोधलं नाही, 'अगं'वर भागवलं.

आता जावयाच्याच कारखान्यात नवा कॉलम उभा राहिला होता. मास्तरांच्या हातचा शेवटचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो चालू करून देण्यासाठी ते लेकीकडेच राहायला आले होते. गिऱ्हाईक मोठं होतं, त्याला अतिशुद्ध सॉल्व्हंट हवं होतं. कॉलम तापला, आतलं चक्र सुरू झालं, आणि गिऱ्हाइकाकडून निरोप आला की त्यांच्या टाक्या अजून तयार नाहीत. टँकर पाठवायला वेळ लागेल.

कारखान्याचे मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांनी सांगितलं, "थंड करू नका. फिरतं ठेवा."

फिरतं ठेवणं म्हणजे माथ्यावर आलेला थेंब न् थेंब पुन्हा वरच्याच ट्रेवर सोडायचा. तळातूनही काही काढायचं नाही. आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही. कॉलम आपला तेच उकळत आणि तेच गाळत बसतो. शहाणी माणसं असं अर्धा दिवस ठेवतात, फार तर एक. इथं तिसरा आठवडा लागला. त्याचं कारण नऊ.

शुद्धता मोजायची भाषाच नऊची. नव्याण्णव पूर्णांक नऊ म्हणजे तीन नऊ. त्यापुढं आणखी एक नऊ लागला की चार. मास्तरांनी आखताना चार नऊंचा शब्द दिला होता, आणि चार लगेच आले. मग एके सकाळी लॅबवाली बाई नमुन्याचा कागद हलवत जिना उतरली आणि लांबूनच ओरडली, "पाच!"

साहेबांनी केक मागवला. त्या दिवसापासून सगळ्यांना नऊचा नाद लागला. कामावर येणारा माणूस 'काय कसं काय' विचारायच्या ऐवजी 'किती नऊ?' विचारू लागला. टँकर येत नव्हता याचं वाईट वाटायच्या ऐवजी लोकांना बरं वाटू लागलं, कारण माल बाहेर काढला की नऊ उतरतात. जावई तर कॉलमच्या पायथ्याशी स्टूल टाकूनच बसू लागला. नमुना स्वतः काढायचा, डबा तिथंच खायचा, पाठ कॉलमच्या उबदार अंगाला टेकवून. मास्तर सकाळ-दुपार एक फेरी मारायचे आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा तळवा कॉलमला लावून उभे राहायचे.

सहावा नऊ आला तेव्हा मात्र लॅबवाली बाई ओरडली नाही. ती मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, माझ्या यंत्राला आता आत दुसरं काही सापडतच नाहीये. असं असतं का हो?"

"नसतं," मास्तर म्हणाले.

कारण हिशेब लागत नव्हता. ट्रे तेवढेच. तेवढ्या पायऱ्यांच्या जिन्यानं तेवढ्याच मजल्यावर जाता येतं. बरं, वाफ जास्त लागत असती तरी समजलं असतं. ती उलट रोज थोडी कमीच लागत होती. मास्तर आयुष्यभर एकच गोष्ट शिकवत आले होते, की मिसळायला काही लागत नाही, ते आपोआप होतं. वेगळं करायचं तर त्याचं मोल वाफेत मोजावं लागतं. इथं वेगळं होणं वाढत होतं आणि वाफ घटत होती. मग मोल कोण भरत होतं?

पण हा प्रश्न त्यांनी नेटानं धरला नाही. त्याला कारण होतं. त्याच सुमारास जावई सुधारला होता.

पहिल्यांदा लक्षात आलं ते कंट्रोल रूममध्ये. मास्तर आत शिरले तसा जावई उठला आणि स्वतःची खुर्ची पुढं करून म्हणाला, "बसा ना, बाबा."

मास्तरांनी मागं वळून पाहिलं, कुणाचे बाबा आलेत म्हणून.

"चहा सांगू? साखर कमी ना?" जावई हसत होता. हसू स्वच्छ होतं, धुतलेल्या काचेसारखं. "बाबा, हा कॉलम तुम्ही आखलात तसा दुसरा कुणाला जमला नसता. मी आजवर तुमची फार थट्टा केली. चुकलंच माझं."

ऑपरेटर एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांना गुदगुल्या झाल्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षांचं येणं एका दमात वसूल झालं होतं. त्या दिवशी ते दोन कप चहा प्याले आणि वाफेच्या आकड्याकडे बघायचं राहून गेलं.

नंतर लेकीचा फोन आला. "बाबा, दुकानावर या. घरी नको."

दुकानात दुपारची सामसूम होती. भिंतीवर चष्म्यांच्या रांगा, प्रत्येक चष्म्यात रिकामी खिडकी. लेक डोळे तपासायच्या खुर्चीशेजारी उभी होती.

"काय गं, काय झालं?" मास्तर म्हणाले.

"नुसतं काय गं? माझं नाव कुठं ठेवून आलात?"

मास्तर हसले. तिला नेहमी काय म्हणायचो ते ओठांवर येईल म्हणून थांबले, पण आलं नाही, आणि विषय पुढं गेला.

"काल ह्याला या खुर्चीत बसवलं," ती म्हणाली. "नंबर बदललाय का बघायला. तुम्हाला माहितीय तो कसा आहे. मी भिंग बदलून विचारते, हे बरं की ते? तर दर वेळी भांडतो. 'पहिलं बरं. नाही, थांब, परत दाखव. तुझी ही काच घाणेरडी आहे. तुला यंत्र धरता येत नाही.' एक डोळा संपेपर्यंत माझं डोकं उठतं."

"बरं मग?"

"काल विचारलं, हे बरं की ते? म्हणाला, दोन्ही छान आहेत. मी मुद्दाम धुरकट भिंग घातलं. काही दिसत नसणार त्यातून. म्हणाला, हेही छान आहे." तिनं खुर्चीच्या हातावरची अदृश्य धूळ पुसली. "बाबा, तो आठवडाभर माझ्याशी भांडलेला नाही. मी मुद्दाम त्याच्या आईबद्दल बोलले. म्हणाला, तुझं बरोबर आहे."

"अगं, मग बरंच झालं की! बायका नवस... बायका तरसतात यासाठी."

"तरसू देत. मला तो नकोय." तिचा आवाज बारीक झाला. "तो उठून गेला ना, की मी गादी बघते. वळी पडलेली नसते. बसल्यासारखं काहीच नसतं. बाबा, माझ्या घरी जो येतो तो माझा नवरा नाहीये. त्यातलं वरचं वरचं कुणीतरी काढून पाठवून देतंय. बाकीचा कुठं आहे?"

लोक आपल्या लेकीचं बोलणं कानाआड करतात, पण तिनं धंद्यातला शब्द वापरला की कान आपोआप टवकारतात. वरचं वरचं. मास्तरांच्या मनात हिशेबाची दुसरी बाजू खटकन येऊन बसली. वरचं वर निघालं असेल, तर जड ते कुठं असतं हे त्यांनी हजार लोकांना समजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर येणार होता. सकाळी लख्ख ऊन होतं. प्लँटच्या जिन्यांना लोखंडी जाळीच्या पायऱ्या असतात. मांजर चढलं तरी खण्‌ वाजतात. मास्तर पायथ्याशी उभे होते. जावई वरून उतरत येत होता, हातात नमुन्याची बाटली, पायात लोखंडी टोपीचे जाडजूड बूट. एकही पायरी वाजली नाही. तो शेवटच्या पायरीवरून जमिनीवर आला आणि म्हणाला, "सुप्रभात, बाबा. आज किती छान ऊन आहे."

बाटलीतलं सॉल्व्हंट इतकं स्वच्छ होतं की बाटली रिकामी वाटत होती.

तो गेल्यावर मास्तरांनी हत्यारांच्या पेटीतून लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. बेअरिंग खराब झालंय का हे बघायची ही जुनी पद्धत: टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. पोलादातून पोटातला आवाज सरळ कानात येतो. कॉलमच्या तळाला, जिथं जड द्रव साचतो त्या जागी, त्यांनी टोक टेकवलं.

आधी नुसतं उकळणं ऐकू आलं. मोठ्या पातेल्याखाली जाळ असावा तसं. मग उकळण्याच्या आत पुटपुट लागली. माणूस उशीत तोंड खुपसून बोलतो तशी.

"...घाणेरडी काच... यंत्र धरता येत नाही... कोण बसलंय माझ्या खुर्चीत... सासरेबुवा... ताटं गळतात तुमची, ताटं..."

मास्तरांच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर सुटला नाही, एवढीच काय ती मर्दुमकी. तो आवाज जावयाचा होता, किसणीसकट. चिडका, कुजका, जिवंत. त्यांनी मूठ कानाशी आणखी दाबली. त्या आवाजाच्याही खाली दुसरं कुणीतरी होतं. कुणीतरी म्हातारा. तो काही बोलत नव्हता, नुसती हाक मारत होता, थांबून थांबून, दोन अक्षरांची. कुणाला ते मास्तरांना उमगलं नाही. असेल कुणीतरी, बॉयलरवरचा वगैरे, असं मनाशी म्हणून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

पुढचा हिशेब सोपा होता. टँकर आला की माथ्यावरचा माल काढायला सुरुवात होणार. माल वरून काढला की तळाचा पंप आपोआप सुरू होतो. आणि तळाचा गाळ कुणाला नको असतो, म्हणून तो थेट भट्टीत जातो. जळतो.

ते कंट्रोल रूमकडे जवळजवळ धावतच गेले. साहेब तिथंच होते, नव्या टायमध्ये.

"आज माल काढायचा नाही," मास्तर म्हणाले. "वाफ बंद करा. सगळे ट्रे खाली रिकामे होऊ देत."

"काय?" साहेब हसले. "मास्तर, टँकर फाटकात उभाय. सहा नऊ आहेत आत. ट्रे रिकामे केले तर सगळं एक होऊन एक नऊसुद्धा राहायचा नाही. गिऱ्हाइकाचा माणूस नमुना घ्यायला आलाय, त्याला काय वाडगं दाखवू?"

"हिशेब चुकलाय. वाफ घटतेय, शुद्धता वाढतेय. असं होत नसतं."

"तुम्ही आखलंय ते तुमच्यापेक्षा चांगलं निघालं, यात रडण्यासारखं काय आहे? लोकांची पोरं निघत नाहीत असं." ते पॅनेलसमोर बसलेल्या जावयाकडे वळले. "चला, माल काढायला घ्या."

"हो, साहेब," जावई म्हणाला, आणि हात पुढं केला.

"थांबा!" मास्तर म्हणाले. "जावईबापू, हात लावू नका."

"हो, बाबा," जावई म्हणाला, आणि हात मागं घेतला.

"अहो, काढा म्हणतो ना!"

"हो, साहेब."

"नको!"

"हो, बाबा. तुमचं बरोबर आहे. त्यांचंही बरोबर आहे." तो दोघांकडेही प्रेमानं बघत होता. हात मधल्या मध्ये तरंगत होता, कुणाचाच नसल्यासारखा. कोपऱ्यातला ऑपरेटर पहिल्यांदा हसला, मग त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

मास्तरांनी ओळखलं की इथं ज्याचा आवाज शेवटचा त्याचं राज्य, आणि साहेबांचा गळा मोठा होता. ते वळले आणि बाहेर पडले. मागून साहेबांचं "घ्या काढायला" आणि त्यावर ते गोड "हो, साहेब" ऐकू आलं.

वाफेच्या मुख्य नळाचं चाक कॉलमच्या मागच्या अंगाला होतं. मास्तरांनी दोन्ही हातांनी ते धरलं. आता हे फिरवलं की काय होणार, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. वाफारा बसेल. ट्रेवरच्या द्रवाला खालून आधार उरणार नाही. गिऱ्हाइकाच्या माणसादेखत, शेवटच्या कॉलमचा एकेक ट्रे भोकाभोकांतून गळेल. जन्मभर जो टोमणा सोसला, तो स्वतःच्या हातानं खरा करायचा. त्यांना वाटलं, या क्षणी आपल्याला फार वाईट वाटणार. वाट पाहिली. फारसं वाटलं नाही. याचंच त्यांना ओझरतं नवल वाटलं, आणि त्यांनी चाक फिरवलं.

चाक जड होतं. अर्ध्यावर आलं तेव्हा शेजारी तळाचा पंप घरघरत सुरू झाला. मास्तरांनी आधी पळत जाऊन त्याचं लाल बटण दाबलं, मग पुन्हा चाकाला भिडले.

वाफेची शीळ बारीक होत गेली आणि थांबली. एक क्षण काहीच झालं नाही. मग खूप वर, अगदी माथ्याशी, काहीतरी सुटलं.

मास्तरांनी कितीतरी कॉलम बंद होताना ऐकले होते. पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. हा तसा नव्हता. दहाव्या मजल्यावरून माणसं जिना उतरावीत तसा होता. आधी एक, मग पाठोपाठ बरीच, घाईघाईनं, एकमेकांना ढकलत, प्रत्येक मजल्यावर आणखी काही जण मिळत. आणि उतरणारे सगळे एकाच वेळी बोलत होते. पोलाद थरथरत होतं. मास्तरांनी नेहमीच्या सवयीनं तळवा टेकवला. आतून कुणीतरी त्याच जागी तळवा टेकवावा तशी ऊब आली आणि सरकून गेली.

मग सगळं तळाशी पोचलं आणि गप्प झालं.

त्या शांततेत कंट्रोल रूमचं दार धाडकन उघडलं. "कुठल्या गाढवानं वाफ बंद केली?" जावई ओरडत जिना उतरत होता, आणि पायऱ्या घणघण वाजत होत्या. पूर्वीपेक्षाही जास्त, जणू एका बुटात दोघं चालत होते. चेहरा लाल, कपाळाला आठ्या. मास्तरांसमोर येऊन तो थांबला, कॉलमकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि त्याच्या ओठांचा कोपरा वर गेला.

"वा, सासरेबुवा. शेवटी गाळलीतच ना ताटं?"

मास्तर डोळे मिटून ते ऐकत राहिले.

पुढचं व्हायचं तसंच झालं. टँकर रिकामा परत गेला. साहेबांनी टाय काढला. गिऱ्हाइकाच्या माणसाला काय सांगायचं असा प्रश्न पडला तेव्हा मास्तर स्वतःच पुढं झाले. "ट्रे गळले. आखणी चुकली माझी. पुन्हा चालू करा, मिळतील ते चार नऊ घ्या, आणि माल लगेच बाहेर काढत राहा. हा कॉलम कधीही फिरता ठेवायचा नाही. एक तासभरसुद्धा." हे शेवटचं वाक्य त्यांनी साहेबांकडून तीनदा म्हणवून घेतलं. साहेबांना वाटलं, म्हातारा हबकलाय.

संध्याकाळी तिघं घरी जेवायला बसले. जावई पहिल्या घासापासून तोंड वाकडं करत होता. खुर्ची करकरते, दिवा डोळ्यांवर येतो, शेजाऱ्याला गाडी लावता येत नाही. लेक त्याच्याकडे उपाशी माणसानं पक्वान्नाकडे बघावं तशी बघत होती.

"दोन दिवसांनी तुझे डोळे परत तपासते," ती म्हणाली.

"आधी ती काच पूस तुझी." त्यानं घास खाल्ला आणि थांबला. "यात मीठ नाहीये. ठमे, मीठ दे."

लेकीचा हात हवेतच राहिला. जावयालाही आपण काय बोललो ते कळलं नसावं. तो भांड्यात बोट फिरवत होता. आवाज त्याचाच होता, पण हाक त्याची नव्हती. त्या 'ठ'वर एक म्हातारा थरकाप होता, लहान पोरीला खांद्यावरून खाली उतरवताना येतो तसा.

"तू मला काय म्हणालास?"

"काय म्हणालो? मीठ म्हणालो." मग त्यालाच काहीतरी खटकलं. त्यानं पाठ खुर्चीला टेकली आणि मान चोळली. "कंबर धरलीय आज. एकाएकी म्हातारा झाल्यासारखं वाटतंय."

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. मास्तर शांतपणे जेवत होते. अळणी घास त्यांना चांगला लागत होता.

"बाबा, ऐकलंत ना? तो मला काय म्हणाला?"

"ऐकलं की. ठमी. गोड नाव आहे."

"गोड नाव आहे?" ती खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ आली. "बाबा, तुम्ही म्हणा बघू. एकदा. मला हाक मारा."

मास्तरांना तिच्या चेहऱ्यावरची भीती दिसली, आणि तिला बरं वाटावं असं मनापासून वाटलं. त्यांनी ते नाव उच्चारलं. बरोबर उच्चारलं. पाटीवरचं वाचावं तसं.

लेक त्यांच्यासमोर वाकली. मग दुकानातल्या खुर्चीपाशी विचारते तसं, अगदी हलक्या आवाजात, तिनं विचारलं, "हे बरं, की ते?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. पहिली हाक आठवून पाहिली, दुसरी आठवून पाहिली.

"दोन्ही छान आहेत," ते म्हणाले.

मग ते उठले, बेसिनवर गेले, हात धुतले. परत वळले आणि टेबलाकडे पाहिलं. जावई मान खाली घालून मीठ कालवत होता. लेक मात्र, ते आत्ता ज्यावर बसले होते, त्या खुर्चीच्या गादीकडे बघत होती.